तूप, कोलेस्टेरॉलची गोळी आणि मेंदूतल्या चरबीचे थेंब : कोल्हापुरातल्या एका विस्मरणाच्या रुग्णाचं प्रकरण

रुग्ण ६७ वर्षांचे. शिवाजी उद्यमनगरात स्वतःचं लेथ वर्कशॉप, तेही चाळीस वर्षांचं. शिक्षण दहावी आणि आयटीआय. मधुमेह जुना. रक्तदाब आहे, पण गोळी 'डोकं जड वाटलं तरच' घ्यायची पद्धत. व्यसन नाही. विस्मरणाची तक्रार त्यांची स्वतःची नव्हतीच. बायको आणि मुलगा त्यांना घेऊन आले होते. इथे त्यांना काका म्हणतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि एकाहून जास्त घरांत पाहिलेल्या गोष्टी इथे एकत्र आल्या आहेत.

काकांचा हात आजही साफ आहे. टूलला धार लावतात, चकमध्ये जॉब बांधतात, कट जास्त झाला की आवाजावरून ओळखतात. गोंधळ होतो तो माप घेतल्यावर. व्हर्निअरवर, म्हणजे माप घ्यायच्या पट्टीवर, २४.९६ वाचायचं, चार पावलं टाकून रजिस्टरपाशी जायचं, आणि तिथे पोचेपर्यंत आकडा गेलेला असायचा. मग परत मशिनपाशी, परत माप. सुरुवातीला पोरं हसण्यावारी न्यायची. पुढे चुकीच्या मापाचा एक लॉट पार्टीकडून परत आला आणि मुलाने हिशेब मांडला, तेव्हा लक्षात आलं की हे वर्ष-दीड वर्ष चाललंय. घरी एकच प्रश्न तासाभरात तीनदा विचारणं तर काकूंना सवयीचंच झालं होतं.

हातातलं कसब शाबूत आणि आत्ताचा आकडा मात्र टिकत नाही, ही विभागणी अल्झायमरच्या सुरुवातीला नेहमी दिसते. कसब साठवणारी यंत्रणा वेगळी, नवी नोंद करणारी वेगळी, आणि नव्या नोंदीचं काम करणारा हिप्पोकॅम्पस आधी मार खातो.

मुलगा ३८ वर्षांचा, वर्कशॉप आता तोच बघतो. त्याने मोबाइलवर बरंच वाचलं होतं आणि छापून आणलेल्या कागदांवर पिवळ्या पेनाने रेघा मारल्या होत्या. मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींत चरबी साठते, त्या बिथरतात आणि विस्मरण होतं, असं त्यात होतं. त्यावरून त्याने घरात फर्मानं सोडली होती : तूप बंद, रविवारचं मटण बंद, रात्रीचं म्हशीचं दूध बंद, फिश ऑइलच्या कॅप्सूल सुरू. आता वडिलांची जनुक चाचणी हवी होती, जमल्यास स्वतःचीही. गंमत अशी की फॅमिली डॉक्टरांनी वर्षापूर्वी लिहून दिलेली अॅटोर्व्हास्टॅटिन घरात न फोडता पडून होती. कारण? 'कोलेस्टेरॉलच्या गोळीनं माणूस विसरभोळा होतो' असा मेसेज कुणीतरी पाठवला होता.

काकूंचा प्रश्न साधा होता. "रात्री जेवल्यावर कट्ट्यावर जाऊन म्हशीचं दूध घेतल्याबिगर ह्यांना झोप यायची न्हाई. तेच नडलं काय ओ डॉक्टर?"

या प्रश्नाचं नीट उत्तर देण्यातच प्रकरणाचा बराचसा भाग गेला, म्हणून ते सविस्तर लिहितो.

तपासण्या

मोका या स्मृती-बुद्धीच्या चाचणीत ३० पैकी १८. पाच शब्दांपैकी पाच मिनिटांनी एक आठवला. बाकीच्यांसाठी सूचक शब्द दिला तरी उपयोग नाही. घड्याळ बरं काढलं. एमआरआयमध्ये दोन्ही हिप्पोकॅम्पस आक्रसलेले, शुभ्र भागात थोडे ठिपके, गाठ किंवा रक्तस्राव नाही. थायरॉइड आणि बी१२ ठीक. नैराश्य वाटलं नाही. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ७.८. रक्तदाब १५४/९२. एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) १६२, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ('चांगलं') ३६. ऑडिओमेट्रीत, म्हणजे कानाच्या तपासणीत, दोन्ही कानांना उंच पट्टीचे आवाज जवळजवळ नाहीतच. चाळीस वर्षं मशिनच्या आवाजात कानाला काही न लावता उभं राहिल्यावर दुसरं काय होणार.

निदान : अल्झायमर असण्याची दाट शक्यता, सौम्य टप्पा, सोबत रक्तवाहिन्यांचा थोडा हातभार.

मेंदूतली चरबी कुठली

मुलाने वाचलेलं खोटं नव्हतं. उलट ही गोष्ट या आजाराइतकीच जुनी आहे. अलॉइस अल्झायमरने १९०६ मध्ये ट्युबिंगेनला आपल्या रुग्णाच्या मेंदूचं वर्णन केलं, १९०७ मध्ये ते छापलं. त्यातले चिकट ठिपके आणि पेशींमधले गुंते पुढे जगभर गाजले. त्याच लेखात ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींमध्ये चरबीचे साठे दिसल्याचीही नोंद आहे. तिच्याकडे पुढची कित्येक दशकं फारसं कुणी पाहिलं नाही.

मायक्रोग्लिया ही ग्लियांपैकीच एक जात. १९१९ मध्ये पिओ देल रिओ होर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने तिला वेगळी ओळख दिली. गर्भाच्या अगदी सुरुवातीला, पीतक पिशवीतून या पेशी मेंदूत येतात आणि तिथेच राहतात, वाढतात. त्यांचं रोजचं काम म्हणजे साफसफाई : मेलेल्या पेशी, निकामी जोडण्या, अमायलॉइड (त्या चिकट ठिपक्यांतलं प्रथिन), मायलिनचे तुकडे गिळणं. मायलिन म्हणजे मज्जातंतूंवरचं वेष्टण. पाणी वगळलं तर त्याचा ७० टक्क्यांहून जास्त भाग लिपिडचा, म्हणजे चरबीच्या जातीच्या पदार्थांचा. म्हणजे मेंदूत मोडतोड झाली की मायक्रोग्लियाच्या पोटात सगळ्यात जास्त जाते ती चरबीच.

प्रथिनांचे तुकडे पेशी पचवते. फॅटी अॅसिड जाळते. कोलेस्टेरॉलची रिंग मात्र तिला मोडता येत नाही. ते बाहेर काढून देणं एवढाच मार्ग. एबीसीए१ आणि एबीसीजी१ हे पेशीच्या पडद्यातले पंप कोलेस्टेरॉल बाहेर काढतात आणि एपोई नावाचं प्रथिन ते उचलून नेतं. आत कोलेस्टेरॉल वाढलंय हे ओळखून पंप वाढवणारी एलएक्सआर ही यंत्रणा केंद्रकात असते. जे लगेच बाहेर जात नाही त्याला फॅटी अॅसिड जोडून एस्टर बनवतात आणि थेंबाच्या रूपात साठवतात. थोडे थेंब असणं हा आजार नव्हे, ती पेशीची तात्पुरती सोय असते.

बिघडतं ते आवक चालू राहून जावक अडल्यावर. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका कामात म्हाताऱ्या उंदरांच्या मायलिनला इजा केली, तेव्हा सफाई करणाऱ्या पेशींत इतकं कोलेस्टेरॉल तुंबलं की त्याचे स्फटिक झाले. स्फटिकांनी लायसोसोम, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशव्या, फाटले, त्यातून एनएलआरपी३ हा दाहाचा गजर वाजला आणि दुरुस्ती रखडली. तरुण उंदरांत तीच इजा भरून आली. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने म्हाताऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये थेंबांनी भरलेल्या मायक्रोग्लियाचा वेगळा गटच दाखवला. या पेशी गिळायच्या कमी, ऑक्सिजनचे घातक रेणू सोडायच्या जास्त, आणि दाहाचे संदेश देणारी प्रथिनंही जास्त. माणसात हाच धागा २०२४ मध्ये पुढे गेला. एपोई४ च्या दोन प्रती असलेल्या अल्झायमर रुग्णांच्या मेंदूत, थेंब बनवायला लागणारं एसीएसएल१ हे एन्झाइम जास्त असलेले मायक्रोग्लिया सापडले. अशा पेशींनी सोडलेला द्रव प्रयोगशाळेत चेतापेशींवर घातला, तर त्यांच्यात टाऊ प्रथिनाचा, म्हणजे अल्झायमरने पाहिलेले गुंते ज्याचे होतात त्याचा, तोच जुना बिघाड सुरू झाला.

मुलाने हे ऐकून लगेच आपल्या भाषेत आणलं : "म्हणजे चिप ट्रे भरला आणि कुणी उपसलाच नाही." चिप किंवा बुरी म्हणजे लेथवर निघणारा धातूचा कीस. उपमा चांगली आहे, अर्धीच लागू पडते. बुरीचा ट्रे भरला तर लेथ अडतो, शेजारच्या मशिनवर हल्ला करत नाही. मायक्रोग्लिया करतात. इंटरल्युकिन-१ बीटा, टीएनएफ अशी रसायनं सोडून त्या आजूबाजूच्या चेतापेशींना त्रास देतात.

टीआरईएम२ चा उल्लेख इथे हवा. मायक्रोग्लियाच्या पृष्ठभागावरचं हे ग्राहक-प्रथिन लिपिडलाच चिकटतं आणि पेशीला 'पुढे सरक, गिळ, पचव' असा हुकूम देतं. त्यातला आर४७एच हा दुर्मीळ बदल अल्झायमरचा धोका साधारण दोन ते चार पट करतो, हे २०१३ च्या सुमारास दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं. हुकूमच कमी पोचला तर पेशी शांत बसते, आणि ते शांत बसणं मेंदूला महागात पडतं. म्हणूनच 'दाह वाईट, तो दाबून टाका' हा सरळ हिशेब इथे चालत नाही. नॅप्रॉक्सेन आणि सेलेकॉक्सिब देऊन अल्झायमर टाळता येतो का, हे मोठ्या चाचणीत पाहून झालंय. टळला नाही.

मग दुधाचं काय?

आता काकूंच्या प्रश्नाकडे. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी २० टक्क्यांच्या आसपास तिथे असतं. हे सगळं मेंदू स्वतः तयार करतो. रक्तातले एलडीएलचे कण रक्त-मेंदू अडसर ओलांडत नाहीत. तेव्हा कट्ट्यावरच्या पेल्यातलं कोलेस्टेरॉल काकांच्या मायक्रोग्लियात जाऊन बसलं, असं म्हणता येत नाही. काकूंना हे स्पष्ट सांगितलं, दोनदा सांगितलं, कारण वर्षभर त्या स्वतःला दोष देत होत्या.

पण 'मग काहीही खा' असंही नाही. फॅटी अॅसिड मेंदूत जातात. पाल्मिटेट हे दूध-तुपातलं, पाम तेलातलं मुख्य संपृक्त फॅटी अॅसिड. प्रयोगशाळेत ते मायक्रोग्लियांना दाहाकडे ढकलतं. उंदीर-घुशींना फार चरबीचा आहार दिला तर काही दिवसांतच हायपोथॅलॅमसमध्ये (मेंदूतलं भुकेचं केंद्र) ग्लियांची हालचाल दिसते, हे २०१२ पासून माहीत आहे. फक्त तो आहार निम्म्याहून जास्त उष्मांक चरबीतून देणारा असतो. आठवड्यातून एकदा पांढरा रस्सा ओरपणारा माणूस त्यात बसत नाही. काकांच्या बाबतीत दुधाचा मुद्दा साखरेचा आणि वजनाचा होता. म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ७ टक्के फॅट, म्हणजे पाव लिटरच्या पेल्यात १५ ग्रॅमच्या पुढे; वर दोन चमचे साखर आणि वेळ रात्री साडेदहाची. ज्याचं एचबीए१सी ७.८ आहे त्याला हे परवडत नाही. पेला अर्धा केला, साखर काढली, वेळ संध्याकाळची ठरवली. दूध बंद केलं नाही. मटण तर मुळीच नाही.

यामागे एक व्यवहारी कारण आहे आणि ते घरच्यांना बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. डिमेन्शिया, म्हणजे विस्मरणाचा आजार, पुढे सरकला की वजन उतरायला लागतं. भूक मंदावते, जेवलोय की नाही ते आठवत नाही. अशा माणसाच्या ताटातून त्याला आवडणारे पदार्थ आधीच काढून घेतले, तर पुढे त्याला भरवायचं काय? उकडलेल्या भाज्यांवर ठेवलेले, हाडांचा सापळा झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. घरच्यांच्या प्रेमात कसूर नसते, पण वाचलेला सल्ला दुसऱ्याच वयाच्या माणसासाठी लिहिलेला असतो.

फिश ऑइलबद्दल. डीएचए हे ओमेगा-३ मेंदूच्या पडद्यांत भरपूर असतं. ते तिथे नेणारा एमएफएसडी२ए हा वाहक २०१४ मध्ये सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी दाखवला. डीएचएपासून रिझॉल्विन, प्रोटेक्टिन असे रेणू बनतात आणि ते दाहाला आवर घालतात. इतकं सगळं जुळत असताना प्रत्यक्षात? सौम्य ते मध्यम अल्झायमरच्या ४०२ रुग्णांत काहींना रोज २ ग्रॅम डीएचए, काहींना नुसती कॅप्सूल, असं १८ महिने देऊन पाहिलं. २०१० मध्ये निकाल आला. घसरण सारखीच. शिवाय जास्त मात्रेच्या फिश ऑइलने हृदयाची लय बिघडण्याचा धोका थोडा वाढतो. मुलाला म्हटलं, बाटली संपली की पुन्हा आणू नका. आठवड्यातून दोनदा बांगडा आणा. काकूंनी विचारलं, जवसाची चटणी चालेल का? चालेल, उत्तम आहे. फक्त जवसातल्या ओमेगा-३ चं शरीरात डीएचए फार थोडं होतं, तेव्हा ती चटणी म्हणून खायची, औषध म्हणून नाही.

गोळीचं भांडण

अॅटोर्व्हास्टॅटिनवर सगळ्यात जास्त वेळ गेला. स्टॅटिन, म्हणजे याच जातीच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, घेणाऱ्या काहींनी विसराळूपणाची तक्रार केली, त्यावरून २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वेष्टनावर तशी सूचना घातली, आणि मेसेजचं मूळ बहुधा तिथेच. पण मोठ्या चाचण्यांत हे टिकलेलं नाही. सिम्व्हास्टॅटिनच्या एका चाचणीत २०,५३६ लोक होते, साधारण पाच वर्षं. प्राव्हास्टॅटिनच्या दुसऱ्या चाचणीत ७० ते ८२ वयाचे ५,८०४. दोन्हींत बुद्धीच्या कसोट्यांवर गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक नव्हता.

उलटी आशाही नको. अल्झायमर झालेल्या ६४० लोकांत काहींना रोज ८० मिलिग्रॅम अॅटोर्व्हास्टॅटिन देऊन काही सावरतं का तेही पाहिलं गेलंय, नाही सावरलं. काकांना गोळी दिली ती हृदयासाठी आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी. मधुमेह, रक्तदाब आणि १६२ एलडीएल असलेल्या माणसाला पक्षाघात झाला, तर उरलेली स्मृतीही एका रात्रीत जाते. काकांच्या चरबीचे दोन हिशेब आहेत, एक रक्तातला, एक मेंदूतला. आपल्या हातात सध्या पहिलाच आहे. दुसऱ्यासाठी औषधं शोधणं चालू आहे, केमिस्टकडे मिळेल असं काही नाही.

जनुक चाचणी

हे बोलणं आम्ही काकांना बाहेर चहाला पाठवून नाही, त्यांच्यासमोरच केलं. एपोई जनुकाचे तीन प्रकार : २, ३ आणि ४. एपोई४ ची एक प्रत असेल तर धोका साधारण तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारा पट. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांतले. एपोई४ चरबी उचलायला कच्चं पडतं, म्हणजे वर सांगितलेली जावक तिथेच अडते. तरीही ४ असणाऱ्या सगळ्यांना आजार होत नाही आणि नसणाऱ्यांनाही होतो.

काकांच्या उपचारात या निकालाने काय बदललं असतं? अमायलॉइड धुऊन काढणाऱ्या नव्या इंजेक्शनांचा विचार असता तर चाचणी गरजेची, कारण ४ च्या दोन प्रती असणाऱ्यांत मेंदूला सूज आणि बारीक रक्तस्राव होण्याचा धोका जास्त. तो विचार आम्ही करत नव्हतो. मग निकाल कुणासाठी? काकांत ४ च्या दोन प्रती निघाल्या, तर त्यांच्या प्रत्येक अपत्यात निदान एक असणार, हे तपासल्याशिवाय नक्की होतं. मुलाला एक बहीण आहे, लग्न होऊन पुण्यात असते. तिला न विचारता तिचाही निकाल लागला असता. मुलाने याचा विचार केला नव्हता. तो गप्प झाला आणि चाचणीचा कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. काका मात्र म्हणाले, "मला झालंय ते कळलं की. पोरांचं कशाला काढायचं?"

काय केलं, काय झालं

अल्झायमरवरची डोनेपेझिल ५ मिलिग्रॅम. पहिले काही दिवस पोट बिघडलं, नंतर बसलं. नाडी ६० च्या खाली जात नाही ना यावर लक्ष. रक्तदाबाची गोळी रोज, वाटलं तर नाही. मेटफॉर्मिनची मात्रा नीट केली. अॅटोर्व्हास्टॅटिन २० सुरू. रोज सकाळी रंकाळ्याला फेरी, पण कुणीतरी सोबत असताना.

कानाच्या मशिनचा फायदा मी सगळ्यांत वर धरतो. डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत बहिरेपणाचा वाटा मोठा मानला जातो, आणि इथे तर रोजचं भांडणच त्यावर चालायचं. मशिन आधी ड्रॉवरमध्ये गेलं. मग मुलाने ते घरात नाही, दुकान बंद झाल्यावर चहाच्या गप्पांत लावायला सांगितलं, आणि तिथे ते रुळलं. मग काकूंनीच उलगडून सांगितलं की निम्म्या वेळा काका विसरत नव्हते, त्यांना ऐकूच गेलेलं नसायचं.

वर्कशॉप बंद करायला मी सांगितलं नाही. फिरत्या चकपाशी एकट्याने उभं राहायचं नाही एवढी अट. मुलाने यातून स्वतःच वाट काढली : तयार जॉब तपासायला काकांच्या हातात व्हर्निअरऐवजी गो–नो गो गेज दिला. एक टोक जॉबमध्ये गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. आकडा वाचायचा नाही, लक्षात ठेवायचा नाही, रजिस्टरपर्यंत न्यायचा नाही. पास इकडच्या ट्रेत, रिजेक्ट तिकडच्या. या कामात काकांची चूक निघत नाही.

सहा महिन्यांनी मोका १७, म्हणजे व्यवहारात तिथेच. एचबीए१सी ७.१, एलडीएल ८४, रक्तदाब १३४/८०. वजन टिकून. रात्री एकच प्रश्न पुन्हा विचारणं चालूच आहे.

या भेटीत मी मुलाला त्याचा स्वतःचा लिपिड प्रोफाइल विचारला. कधी केलाच नव्हता. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची यादी १४ वर नेली. नव्याने आलेल्या दोन कारणांपैकी एक मध्यम वयातलं वाढलेलं एलडीएल, दुसरं उपचार न केलेली अधू दृष्टी. ६७ वर्षांच्या वडिलांचं तूप मोजणाऱ्या या माणसाचं स्वतःचं एलडीएल १७४ निघालं, पोट सुटलेलं, झोप पाच तासांची, आणि दुपारचं जेवण म्हणजे बऱ्याचदा उभ्या उभ्या कटवडा. मशिनवर असताना कानात काही घालतो का, तर नाही. तीन महिने आहार, चालणं, कानाला इअरमफ आणि मग पुन्हा तपासणी असं ठरलं. तेव्हाही एलडीएल तिथेच राहिलं तर गोळीचं बोलू. जनुक चाचणीचं तो बहीण गणपतीत आली की तिच्याशी बोलून सांगणार आहे.